होडीच्या पाठीवरचा नंबर

काही लोकांना माणसाच्या शब्दापेक्षा आकड्यावर जास्त विश्वास असतो. चांगल्या कामाची माती हीच मंडळी करतात. नाव घेत नाही. ऐका, मग तुम्हीच ओळखा.

गंगापूर धरणाकाठच्या गावातल्या दहा मुलांना आम्ही शिडाची होडी चालवायला शिकवणार होतो. फक्त होडी नव्हती! पंचवटीतले अण्णा, निवृत्त शिक्षक, म्हणाले, माझी न्या, फुकट न्या. त्यांच्या थोरल्या भावाने ती घरीच बांधलेली. भाऊ एकोणऐंशीत वारला, आणि होडी पिंपळगावला मेहुण्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पडून राहिली.

मी पाहायला गेले. मागच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात नंबर होता: पीजीबी ००२१७ ०८८१.

आता असं बघा, जुन्या परदेशी होड्यांवर नेमका तिथेच बारा खुणांचा नंबर असतो. आधी कारखान्याची तीन अक्षरं, मग होडीचा क्रमांक, शेवटी महिना आणि वर्ष. दोन दिवस इंटरनेट उपसून मी हे शिकले. पीजीबी नावाचा कारखाना एकाही यादीत सापडला नाही. दुसरं कुणी तिथेच थांबलं असतं. मी ठरवलं, कारखाना बुडाला असणार! शेवटचे आकडे तर स्वच्छ होते, ऑगस्ट एक्याऐंशी. म्हणजे होडी भाऊ गेल्यानंतरची. म्हणजे अण्णा खोटं बोलतात. म्हणजे होडी चोरीची! आणि चोरीच्या होडीत मुलांना बसवायचं? मी जिवंत असताना?

आमच्या समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर होडी चोरीची ठरवली आणि विचारलं, "अण्णा, होडी एक्याऐंशीची आहे. तुमचे भाऊ काय वर जाऊन बांधत होते?"

कुणीही हसलं नाही.

"तो रंधा मारायचा, फळी मी धरायचो," अण्णा म्हणाले. चष्मा खिशात घातला आणि उठून गेले.

मला वाटलं, पकडला! पुरावा पक्का करायला फोटो घेऊन पुन्हा पिंपळगाव गाठलं. तिथे द्राक्षांचे क्रेट लावणाऱ्या मंदाताईंनी नंबर एका नजरेत वाचला. पीजीबी म्हणजे पिंपळगाव बसवंत. दोनशे सतरा हा आवकेचा क्रमांक. खोली आठ, जागा एक्याऐंशी. आत येईल त्या वस्तूवर त्या असा नंबर टाकतात, उजव्या कोपऱ्यात, चटकन दिसावा म्हणून. त्या बसल्या होत्या त्या स्टुलावरसुद्धा होता.

अण्णांकडे माफी मागायला गेले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. होडी मुलांना देतो म्हणाले. अट एकच, मी तिला हात लावायचा नाही.

गेल्या रविवारी न राहवून धरणावर गेले. शीड फुगलं होतं, अण्णा सुकाणूवर, मुलं आळीपाळीने आत. ज्या कामासाठी मी वर्षभर कार्यालयांचे उंबरठे झिजवले, ते माझ्यावाचून छान चाललं होतं. शेजारी एका मुलीची आई बसली होती. तिने मला खालून वर न्याहाळलं.

"होडी चोरीची म्हणणाऱ्या ताई त्या तुमीच का? बसा मग. पोरांच्या चपलांकडं लक्ष ठेवा जरा, कुत्रं उचलून नेतं."