घरी नसलेले प्रधानकाका

थांबा, हे आत्ताच सांगते, पोटात राहतच नाहीये! आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, तळमजल्यावरच्या प्रधानकाकांकडे. सगळ्यांनी नातेवाइकांना तोच नंबर देऊन ठेवलेला. फोन आला की काका जिन्यात येऊन ओरडायचे, "मंदाऽऽ!" मंदा म्हणजे माझी आई. मग आत जाऊन फोनवाल्याला धावतं समालोचन: "येतेय हो. चप्पल शोधतेय. आली, जिन्यात आली!" त्याआधी प्रत्येकाला विचारणार, "अर्जंट आहे, की नुसती हौस?" हौस असली तरी बोलवायचेच.

पण त्यामुळे काका-काकी जोडीने कधी बाहेर पडायचेच नाहीत. एक जण कायम फोनपाशी. काकींना काकांबरोबर जुहूला जायचं होतं. "एकटी गेले तर समुद्र बघू की पर्स सांभाळू?" म्हणायच्या.

मग पुतण्याने दुबईहून आन्सरिंग मशीन आणलं. आपण नसताना फोन उचलणार, निरोप टेप करणार. झकास! असलं काही आम्ही कोणी बघितलंच नव्हतं. काकांनी घसा खाकरून आवाज भरला: "नमस्कार. मी प्रधान बोलतोय. आम्ही घरी नाही. शिटी वाजली की निरोप सांगा." आणि रविवारी दोघं जुहूला गेले. काकींनी अबोली माळली होती.

ते परत आल्यावर आम्ही सगळे टेप ऐकायला जमलो. पहिलाच माझा मामा, रत्नागिरीहून. "काका, घरी नाही तर बोलताय कसे? मंदाला बोलवा ना. थांबतो." मग नुसता श्वास. "येतेय का हो?" परत श्वास. खट्. पुढचा फोन तसाच. त्याच्या पुढचाही. निरोप एकानेही सांगितला नाही, सगळे आपलं माणूस जिना उतरायची वाट बघत बसलेले!

आम्ही जाम हसलो. काकापण. मग आई म्हणाली, "काका, बंद करा हो ते. त्यापेक्षा तुम्हीच बरे." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकी चहा टाकायला आत गेल्या. मशीन खोक्यात गेलं, आणि त्याबरोबर दोघांचं जोडीने बाहेर पडणंही.

मशीनची काही चूक नव्हती यार. आम्हालाच निरोप नको होता, माणूस हवं होतं, आणि त्याला हाक मारायला काका घरात हवे होते.

गेल्या महिन्यात काकी गेल्या. आता वरच्या मजल्यांवर आमचे आमचे फोन आलेत, काकांचा फारसा वाजत नाही. काल मी म्हटलं, "काका, चला ना, जुहूला जाऊन येऊ."

"आता मोकळाच आहे गं मी," म्हणाले. "पण समुद्र दाखवू कोणाला?"

तुमच्याकडे झालंय का असं कधी? काहीतरी नवीन आलं, अगदी नीट चाललं, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून हसत हसत ते बंद करायला लावलं?