ओकच्या खोडावरचं दगडफूल

गोड्या मसाल्यासाठी दगडफूल भाजायला घेतलं आणि त्या वासानं मला आमच्या शहरातल्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलची खोली आठवली. माझी बायको वनस्पतींची अभ्यासक. स्कॉटलंडच्या अटलांटिक किनाऱ्यावर ओकची पुरातन रानं आहेत. तिथल्या खोडांवर वाढणाऱ्या दगडफुलांवर तिनं कितीतरी वर्षं काम केलं होतं. तिचे शेवटचे दिवस चालले होते. त्या संध्याकाळी स्कॉटलंडमधल्या तिच्या सहकारी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. वादळात एक जुना ओक कोसळला होता आणि त्याच्यावरचं दुर्मीळ दगडफूल अलगद सोडवून बाई शेजारच्या ओकवर बसवत होत्या. फोनमधून तिकडच्या पावसाचा आवाज येत होता. बायको उशीला टेकून उठून बसली आणि धापा टाकत त्यांना सांगत राहिली, ओल कुठे टिकेल, ऊन कुठे लागणार नाही. शाळकरी लेकीनं विचारलं, "आई, इट विल लिव्ह, राइट?" "फार हळू वाढतं गं ते," ती म्हणाली, "मोठी झालीस की बाबांना घेऊन बघून ये." त्याच आठवड्यात ती गेली. लेक आता नोकरीला लागली आहे. दर सुट्टीत इथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणते, "बाबा, जाऊया लाह." मी काहीतरी कारण काढतो. ते तिथे जगलं नसेल, तर मला बघवणार नाही.