त्रिवेणीबाईंच्या खात्यातले परके पैसे

हैदराबादच्या नल्लकुंटा भागातल्या बारा मराठी बायकांची भिशी त्रिवेणीबाई एकवीस वर्षं सांभाळत होत्या. पूर्वी पैसे पितळी डब्यात जमत, आता त्यांच्या बँकेच्या खात्यात. सगळ्यांचे आले, की चिठ्ठीत जिचं नाव निघालं असेल तिला पाठवायचे. दुसऱ्याचे पैसे आपल्या हातून पुढे जाण्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणून तर एके दिवशी फोनवर दिलीप असं नाव सांगणाऱ्या माणसाच्या बोलण्याची त्यांना शंका आली नाही. नंबर अनोळखी होता, पण माणूस मराठीत बोलत होता, आणि हैदराबादेत तेवढ्यानेही त्या विरघळत.

"मावशी, कंपनीचं इथलं खातं अजून उघडायचंय. तोवर गिऱ्हाइकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील. मी सांगेन तिकडे पाठवायचे. शेकडा तीन रुपये तुमचे."

भिशीचंच काम, वर मेहनताना! त्रिवेणीबाईंनी खात्याचा नंबर देऊन टाकला.

मंगळवारी अठ्ठेचाळीस हजार आले. पाठवणाऱ्याचं नाव होतं अनसूयम्मा. भिशीचे पैसे आले की "पोचले गं" असं देणारीला कळवायची त्यांची जुनी रीत. त्यांनी दिलीपकडे अनसूयम्मांचा नंबर मागितला.

"कशाला? दहा मिनिटांत पैसे पुढे पाठवा. बँकेनं विचारलंच, तर भाच्यानं पाठवले म्हणा."

"अनसूयम्मा माझा भाचा?"

पलीकडचा मावशीवरून एकदम 'ए म्हातारे'वर आला. पैसे पाठव, नाहीतर पोलीस दारात येतील, म्हणाला. त्रिवेणीबाईंनी फोन ठेवला. पाठवून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. पण देणारीला न विचारता पैसे पुढे सरकवायला बोट धजेना.

त्याच खात्यात भिशीचेही पैसे होते. या खेपेला नाव गंगूबाईंचं निघालं होतं, आणि गुरुवारी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. त्रिवेणीबाई आधी त्यांच्याच दारात गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"बँकेत सांगितलं तर खातं अडकेल गं. तुझे पैसेही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"त्या बाईचे बुडतील."

"मग कायकू उभी आहेस? चल."

बँकेतल्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कुणाला तरी फसवून काढलेले पैसे असणार, आजी. माग लागू नये म्हणून हे लोक तुमच्यासारख्यांच्या खात्यातून ते फिरवतात. पुढे पाठवले नाहीत, बरं केलंत. स्वतः परतही पाठवू नका, ते आम्ही बघू. त्याचे कॉल, मेसेज काही पुसू नका." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही त्यांनी तिथंच नोंदवून घेतली. चौकशी होईपर्यंत खातं मात्र बंद राहणार होतं.

खातं बंद झाल्याचं कळताच भिशीतल्या रजनीबाईंनी त्याच संध्याकाळी भिशी सोडली. इतर दहाजणींच्या घरी त्रिवेणीबाई स्वतः सांगायला गेल्या. कुणी पाणी दिलं, कुणी नुसतंच "बरं" म्हटलं.

शेवटी पुन्हा गंगूबाईंकडे येऊन त्या मान खाली घालून बसल्या.

"तुझं ऑपरेशन..."

"पुढच्या महिन्यात करीन. तोवर रोज येऊन मला पेपर वाचून दाखवायचा. आणि तेलुगू सीरियलमध्ये कोण कुणाला मारतंय, तेही सांगायचं. हौ?"

"हौ," त्रिवेणीबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून त्यांनी पेपर उघडला.