जिन्यातली फिजिओथेरपी

माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या लबाड्या पाठ आहेत — चहात चोरून घातलेल्या जास्तीच्या साखरेपर्यंत. ही एक मात्र त्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. सांगून टाकावंसं वाटलं.

चौऱ्याण्णव साल. सुरतेत प्लेग आला, माणसं खोकून खोकून जातात, अशी बातमी आली आणि अख्खी नवी मुंबई तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. मी नुकतीच फिजिओथेरपिस्ट झाले होते. राहायला जुईनगर, नोकरी वाशीच्या एका हॉस्पिटलात, आणि तोरा असा की विचारू नका. कॉलेजच्या निरोप समारंभात ‘रुग्णाला हवा आपला हात’ या विषयावर भाषण मीच ठोकलं होतं — आठवलं की अजून हसू येतं.

तर बबनराव. साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी, कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर घर. त्यांना न्यूमोनिया झाला. साधा न्यूमोनिया — तपासण्या झाल्या होत्या, प्लेग नाही असं डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. ताप उतरून ते घरी गेले, पण छातीत कफ साचलेला. जिना चढवत नव्हता, तिथे पोतं कुठून उचलणार? छाती मोकळी झाली नाही तर काम गेलंच. मी रोज घरी जायचं, त्यांना कुशीवर निजवायचं आणि तळहाताची वाटी करून पाठ थोपटायची, म्हणजे कफ सुटतो. सोपं आहे ना?

पण बबनराव गुजरातहून आलेले ट्रक खाली करायचे, हे मला कुठूनतरी कळलं होतं. मी दारात पोचले, ते आतून खोकले, आणि — माझे पाय उंबऱ्याबाहेरच राहिले. डॉक्टरांचं सांगणं, चार वर्षांचं शिक्षण, ते भाषण? सगळं गेलं कुठच्या कुठे.

त्यांची बायको शालनताई, कडेवर तान्ही मुलगी, ‘या की आत’ म्हणत होत्या. आणि मी म्हणून बसले की हल्ली नवी पद्धत आलीय. घरच्या माणसाच्या हाताने कफ लवकर सुटतो. आम्ही फक्त लांबून आवाज ऐकायचा. असली पद्धत जगात कुठेही नाही हो. मी ती तिथल्या तिथे काढली होती.

शालनताई जरा थांबल्या. मुलीकडे बघितलं, तिला पाळण्यात ठेवलं, आणि नवऱ्याजवळ जाऊन बसल्या. त्यांचं ते थांबणं मी पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं.

मग काय, माझी फिजिओथेरपी जिन्यात सुरू झाली. शालनताई भाकरी थापावी तशा सपाट हाताने धपाधप हाणायच्या, बबनराव ‘आगं, मारतीस का काय’ म्हणून कळवळायचे, आणि मी बाहेरून ओरडायची, वाटी करा, ताई, वाटी करा. हळूहळू हात असा बसला की नुसत्या आवाजावरून मी खूश. शेजारी आधी दारं लावून बसायचे. मग कुणीतरी म्हणालं, मॅडम रोज येतात म्हणजे भिण्यासारखं काही नसणार. दारं उघडली. जिन्यात माझ्यासाठी खुर्ची आली, चहा आला. माझ्या धीटपणाचं कौतुक सुरू झालं — आणि मी? खुर्चीत बसून ऐकत होते. उंबरा मात्र एकदाही ओलांडला नाही.

बबनराव ठणठणीत झाले, पुन्हा पोती उचलू लागले. दिवाळीनंतर दोघं हॉस्पिटलात आली, लेकीला आणि लाडवांचा डबा घेऊन. बबनराव सगळ्या स्टाफला नव्या पद्धतीबद्दल सांगत सुटले, आणि मला घाम फुटला. तेवढ्यात शालनताईंनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, खरं सांगू? मला लई भ्या वाटत हुतं. अंगावर पिणारं पोर. पर तुमी म्हनला घरच्याच हाताचा गुन येतो, मग न्हाई कसं म्हनायचं? तुमी तर परक्या असून रोज येत हुता.”

खरं सांगायची वेळ तीच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते — भीती मलाही वाटत होती, ताई, म्हणून तुम्हाला पुढे केलं.

“त्यात काय, ताई,” मी म्हटलं, “आमचं कामच आहे ते.”

आणि डब्यातला सगळ्यात मोठा लाडू उचलला.