शेठ, हाई टोचस

धरणगावच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या गादीवर बसणारा माणूस माझा नवरा आहे. या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच वैताग येतो. नाव प्रेमराज, पण गाव त्यांना शेठ म्हणतं. मीही इथे शेठच म्हणते, कारण घरी आले तरी ते गादीवरून काही उतरत नाहीत.

माणूस वाईट नाही. व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. फक्त समोरच्याचं ऐकून घ्यायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. खेड्यावरची एखादी बाई येते, कापडाच्या थानावर हात फिरवते आणि म्हणते, "शेठ, हाई टोचस." म्हणजे, हे टोचतं. शेठ लगेच ओळखतात की बाईला कापड आवडलंय आणि आता तिला भाव पाडून हवाय. "टोचत नही, बाई. बठ्ठा असंच सांगतस," म्हणजे सगळेच असं सांगतात, म्हणत ते थान आणखी उलगडतात. शेवटी बाईच कंटाळून म्हणते, "फाडी द्या." मग शेठ टर्रकन कापड फाडतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे ऐकतेय. आमची पलक तर जन्मापासून ऐकतेय.

पलक अकरा वर्षांची आहे आणि स्वमग्न आहे. तिच्याकडे स्वतःची वाक्यं थोडी, दुकानातून उचललेली जास्त. भूक लागली की म्हणते, "बोहनी करा." नको असलेलं काही समोर आलं की, "दुकान बंद." वडिलांनाही ती पप्पा म्हणत नाही, शेठच म्हणते. शेठना त्याचं वाईट वाटतं, म्हणून पाहुण्यांसमोर सगळ्यात आधी तेच हसून घेतात.

दिवाळीनंतर शाळेच्या रत्ना मॅडमनी मैदानावर मुलींचा धावण्याचा वर्ग सुरू केला. पलकला घातलं, आणि पहिल्यांदाच असं काहीतरी सापडलं की ज्यासाठी तिला ओढून न्यावं लागत नव्हतं. मान जरा वाकडी, हात कुठे जातील त्याचा नेम नाही, पण पोरगी पळते छान. बाकीच्या मुलींनीही तिला बरोबर सांभाळून घेतलं. शिटी वाजली की ती कान झाकते, म्हणून मॅडमनी शिटी घरी ठेवली आणि रुमाल हलवायला लागल्या.

सांभाळता येत नव्हते ते एकटे शेठ. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दुकान टाकून मैदानावर हजर. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात छत्री, खिशात खडीसाखर. चपला फटफटवत तिच्या मागे पळायचं आणि वाटेतल्या पोरींना "सरका, सरका" म्हणून हाकलायचं. मॅडमनी हात जोडून त्यांना लिंबाखाली बसवलं, तर तिथून ओरडून सूचना द्यायला लागले. मी म्हटलं, "अहो, धावतेय ती, तुम्ही नाही." तर म्हणे, "चेलना, तुला काळजीच नाही." दिवसभर त्या मुलीमागे मी असते, आणि काळजी यांना.

मार्चमध्ये जळगावला, मेहरूण तलावाच्या काठी, सगळ्या शाळांच्या मुलींची दौड ठरली. आठवडाभर आधी टी-शर्ट आले. गुलाबी, पॉलिस्टरचे, छातीवर बियाण्याच्या कुठल्याशा कंपनीचं नाव प्लॅस्टिकच्या जाड छापात. तो घातल्याशिवाय पळता येणार नाही, असा नियम होता. सोबत येणाऱ्या घरच्या माणसासाठीही तसाच एक मोठा टी-शर्ट होता. तो शेठनी लगेच घडी मोडून आरशासमोर अंगाला लावून पाहिला.

पलकच्या गळ्यात टी-शर्ट घातला मात्र, तिने तो ओरबाडून काढला आणि म्हणाली, "शेठ, हाई टोचस." अगदी भिकुबाईचा आवाज. भिकुबाई म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, ही तक्रार केल्याशिवाय तिने कधी कापड घेतलेलं नाही. शेठ पोट धरून हसले. "बघ, काय नक्कल करते," म्हणाले. पुन्हा घातला. पुन्हा तिने काढला, पुन्हा तेच वाक्य. या वेळी शेठ हसले नाहीत. दुकानातल्या आवाजात म्हणाले, "टोचत नही. बठ्ठा असंच सांगतस." भिंतीवर डोकं आपटून घेणं तेवढं मी बाकी ठेवलं.

मग सुरू झाले उद्योग. टी-शर्ट चार वेळा धुतला, उलटा करून पाहिला, जिलेबीचं आमिष दाखवलं. दर वेळी ती तेच सांगत होती. आधी मोठ्याने, मग रडत, मग स्वतःचं मनगट चावत. शेवटी तिने बूटसुद्धा घालायचे सोडले. मैदानाचं नाव काढलं की कोपऱ्यात तोंड करून "दुकान बंद". दौड गेली खड्ड्यात, पण धावणंच सुटलं तर या पोरीकडे आपलं म्हणून दुसरं काय होतं?

"तूच लाडावून ठेवलीस," शेठ म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. तो मोठा टी-शर्ट मी त्यांच्या अंगावर फेकला. "उद्या दिवसभर हा घालून गादीवर बसा. आत बनियन नाही. मध्येच काढलात तर रात्री जेवायला वाढणार नाही."

सकाळी शेठ ऐटीत गेले. दुपारी मी डबा घेऊन पोचले, तर मीटरपट्टी पाठीत घालून खसाखसा खाजवत होते. मान लाल, छातीवरचा छाप घामाने चिकटलेला. नेमकी तेवढ्यात भिकुबाई आली.

"काय खाजाडी ऱ्हायनात, शेठ?"

"हाई टोचस," शेठ म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

भिकुबाईने पिशवी खाली ठेवली. "मंग आम्ही इतला वरीस काय सांगी ऱ्हायनूत?"

ती गेल्यावर शेठनी मीटरपट्टी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "पलकला असंच होत असेल?"

"याच्या दसपट. ती सांगत होती तुम्हाला. तुमच्याच दुकानाच्या भाषेत सांगत होती." मला त्यांची कीव आली, पण राग काही गेला नाही.

संध्याकाळी त्यांनी पलकला दुकानात आणून काउंटरवर बसवलं आणि गुलाबी रंगाचं एकेक थान खाली काढलं. ती गालाला लावून बघायची आणि म्हणायची, "टोचस." शेठ तोंडातून अवाक्षर न काढता ते बाजूला ठेवायचे आणि दुसरं उघडायचे. गादीवर थानांचा ढीग झाला. शेवटी एका मऊ सुती कापडावर तिने गाल टेकवला, तो उचललाच नाही. तसंच पडून म्हणाली, "फाडी द्या." शेठनी ते टर्रकन फाडलं. आमच्या भटू शिंप्याने शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून शर्ट शिवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी पलक बूट घालून दारात उभी राहिली.

जळगावला कंपनीच्या माणसाने अडवलंच. शर्टावर नाव नाही, फोटोत कसं चालेल? मी पदर खोचून भांडायच्या तयारीत होते. शेठ आता तासभर वाद घालणार, याचीही खात्री होती. पण त्यांनी पिशवीतून स्वतःचा टी-शर्ट काढला, सदरा-बनियन उतरवून उघड्या अंगावर चढवला आणि म्हणाले, "नाव मी घालतो. दौड संपेपर्यंत तुमच्या बॅनरखाली उभा राहतो, हवे तेवढे फोटो काढा. मुलीला पळू द्या." रत्ना मॅडमही मध्ये पडल्या. त्या माणसाने नाइलाजाने 'जाऊ द्या' म्हणून हात हलवला.

शिटीऐवजी रत्ना मॅडमचा रुमाल हलला, मुली सुटल्या. शेठ उन्हात उभे राहिले. ना छत्री, ना ओरडणं, ना मागे पळणं. मान लाल झाली तरी त्यांनी खाजवलं नाही.

पलक मुलींच्या घोळक्यातून आली. पहिली नाही, शेवटचीही नाही. रेघ ओलांडल्यावर माझ्या हातातल्या पाण्याकडे तिने बघितलंही नाही, सरळ बॅनरखाली गेली. ती कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, तेव्हाही बघितलं नाही. शेठच्या टी-शर्टाचं टोक तिने दोन बोटांत धरून चोळलं.

"शेठ, हाई टोचस," ती म्हणाली. या वेळी आवाज भिकुबाईचा नव्हता, तिचा स्वतःचा होता.

"हो, बेटा," शेठ म्हणाले. "टोचस."

तिने तो टी-शर्ट वर ओढायला सुरुवात केली. भर मैदानात, सगळ्यांसमोर, शेठनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले.