धोंडुबाईंविरुद्धची तक्रार

हाडांच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांना शोधावं लागे आणि नर्सला दहा हाका माराव्या लागत. धोंडुबाई मात्र कधीही बघा, समोरच. सिद्धार्थनगरातून सकाळी सातच्या आत चालत यायच्या. बावीस वर्षं मावशीचं काम, आणि नोकरी अजून ठेकेदाराकडचीच.

एका खोलीचं फडकं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही, हा बाईंचा नेम. चौदा खोल्यांची चौदा फडकी त्या घरी नेऊन उकळून आणत. खर्च वाचवायला व्यवस्थापकानं सगळ्या मजल्याला एकच बादली आणि एकच पोछा ठेवला, तेव्हा त्या तोंडावर बोलल्या, "ह्यानं घाण निघत न्हाय सायेब, सगळ्या खोल्यांत वाटली जातीया." साहेबांना ते चांगलंच झोंबलं.

हे मला त्यांनीच सांगितलं, माझ्या वडिलांच्या खोलीत फरशी पुसता पुसता. वडील निवृत्त शिक्षक, त्र्यंबक गुरुजी. त्यांचा गुडघा बदलला होता.

पाचव्या दिवशी सकाळी जखमेवरची पट्टी सुटली. पुवानं भिजून सुटली. वासही आला होता मला. हे इथं मुद्दाम सांगतोय, कारण जिथं सांगायला हवं होतं तिथं मी सांगितलं नाही. बेल दाबली, दोनदा नर्सच्या टेबलापर्यंत पळालो, तिथं कुणी नव्हतं. वडील विव्हळत होते. दारात धोंडुबाई दिसल्या.

"मावशी, या हिकडं! पाय धरा जरा!"

"जखमंला हात लावायची परवानगी न्हाय मला, दादा."

"अहो, माणूस तळमळतोय की हितं!"

त्यांनी साबणानं हात धुतले, वडिलांचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी दाबून धरली. नर्स उगवली तेव्हा त्यांचा हात जखमेवर होता.

पुढं सगळं उलटंच होत गेलं. बसवलेला सांधा काढला, दीड महिना इंजेक्शनं, मग पुन्हा नवा सांधा. बिल सव्वाचार लाख. मी व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटला. "जंतू तुमच्या दवाखान्यातला, आणि बिल आमचं व्हय?" शेजारच्या खोलीत मुरगूडचे जयसिंग पाटील होते, त्यांच्या जखमेतही तसाच पू. तेही सांगितलं.

व्यवस्थापक विश्वजित गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "दवाखाना चुकला असं आम्ही लिहून देणार नाही. पण एखादा कामगार चुकला असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आम्ही सोसू. तुम्ही फक्त डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहा. आणि पुन्हा वेगळं काही म्हणायचं नाही."

मी पाहिलं तेवढं लिहिलं. 'सफाई कर्मचारी धोंडुबाई यांनी उघड्या जखमेला हात लावला.' यात खोटं काय होतं? मी त्यांना बोलावलं होतं आणि पू आधीपासून होता, एवढंच गाळलं. खाली सही केली. बिल माफ झालं, आणि त्याच संध्याकाळी ठेकेदारानं बाईंना घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं फाशीचा दोर मी वळून दिला होता.

वडील काठी घेऊन चालू लागले, तेव्हा त्यांनीच मला पिटाळलं. "त्या बाईंनी माझा पाय मांडीवर घेतला होता रे. भेटून तरी ये."

गेलो. बाई खरंच आनंदल्या. गुरुजी चालतात हे ऐकून त्यांनी हात जोडले. मग म्हणाल्या, "कुणीतरी तक्रार केली म्हणं माझी. कुणी, ते न्हाय सांगितलं. आता दुसऱ्या दवाखान्यात गेलं की पयल्यांदा तेच इचारत्यात. जखमंला हात लावणारी बाई कोण ठेवणार, सांगा?" मी चहाच्या कपाकडं बघत होतो. "तुम्ही हुतासा की तिथं. तुम्ही हाक मारलासा म्हणून मी आलतो, एवढं कागदावर लिहून द्या, दादा. तुमच्यासारख्याचं ऐकतील."

तो कागद लिहिला असता तर सव्वाचार लाख पुन्हा आमच्या डोक्यावर. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"बघतो," मी म्हणालो.

"बघा बरं का," त्या म्हणाल्या आणि माझा फोन नंबर नातीकडून लिहून घेतला.

त्याला चार महिने झाले. त्यांचे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.