झकास म्हणून गेलो त्याची गोष्ट

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, त्यामुळे चाळीतल्यांचे अर्ज लिहून द्यायची सवय होती, एवढंच. आपलं स्वतःचं लिहिताना हात कचरतो. चुकलंमाकलं पोटात घाला.

ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला एका खोलीत सहा जण राहत होतो. मला वाटे, एखादी जागा इमारत उभी राहतानाच घ्यावी, भाव चढला की विकावी, मग मोठी घ्यावी. पण हे शिकवणार कोण? खालच्या मजल्यावर मालवणकडचे एक काका होते. गिरणीतून निवृत्त झालेले. मुलुंडला शेतं होती तेव्हापासून ते जागा घेत-विकत आले होते. कॉलेजातून आलो की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. शेवटी ते म्हणाले, "रविवारी चल. पण जागा आवडली तर तोंडाक कुलूप. आपण फक्त खोट काढूची."

बोरिवलीला इमारतीचं काम चालू होतं. काका भिंतीवर टकटक करत बिल्डरला म्हणाले, "उजेड कमी वाटतो." मी खिडकीशी गेलो. समोर चिंचेचं झाड, आत सुरेख वारा. तोंडून निघून गेलं, "काका, झकास आहे! आईला काय आवडेल!"

बिल्डर हसला. "घ्या, पोराला पसंत आहे." मग तो भावात एक पैसा उतरला नाही. स्टेशन येईपर्यंत काका माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर माझा मित्र निघाला. शेजारच्या खोलीतला, दहावीला नापास झालेला.

"तुला काय कळतं रे त्यातलं?" मी विचारलं.

"काहीच नाही यार. काका म्हणतात, म्हणूनच तुला नेतो."

हे उत्तर मला फार लागलं. संध्याकाळी दोघं एका पुडीतले चणे खात परतायचे. काका त्याला सगळ्यांदेखत "माझो चेलो" म्हणत. मी गॅलरीत पुस्तक उघडून बसलेला असे, पण पान उलटत नसे. त्यांचा एकतरी सौदा फिसकटावा, असं मनापासून वाटे.

"काय रे, किती बंगले झाले?" मी टोमणा मारी.

"बंगले कसले, चपला झिजल्या." तो हसे. त्याला टोमणा कळतच नसे, याचाही मला राग येई.

परीक्षा जवळ आली होती. आई नळावरून हंडा घेऊन आली ती सांगतच, "ऐकलंस? शेजारच्यांनी बोरिवलीला जागा घेतली. काका आणि तुझा तो मित्र चारदा जाऊन नावं ठेवून आले, तेव्हा कुठे बिल्डर भाव उतरला म्हणे. वास्तुशांतीला आपल्यालाही बोलावलंय."

मी पुस्तकाचं पान उलटलं.

हंडा उतरवत ती म्हणाली, "खिडकीसमोर चिंच आहे म्हणतात. वारा तर इतका येतो!"